शेतकऱ्याचे राज्य : पण कोणत्या शेतकऱ्याचे?

शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, स्वतः शेतीवर वाढलेला माणूस राज्यावर बसला की शेतकऱ्याचे दिवस पालटतील, ही आशा फार जुनी आहे. सरदार, जमीनदार आणि वकील यांच्या हाती राहिलेल्या सत्तेचा अनुभव ज्या ज्या देशांना आला, त्या त्या देशांत ही आशा मूळ धरून बसली आणि तिच्या बळावर अनेक पक्ष उभे राहिले. या आशेत गैर काहीच नाही. ज्याने दुष्काळ पाहिला आहे, ज्याची जनावरे रोगाने दगावली आहेत, पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी ज्याने सावकाराचे उंबरे झिजविले आहेत, त्याला शेतीचे दुखणे पुस्तकांतून समजून घ्यावे लागत नाही. परंतु दुखण्याची जाणीव ही एक गोष्ट आणि न्याय ही दुसरी. स्वतःच्या जमिनीची ओढ ज्याला कळते, त्याला दुसऱ्याच्याही जमिनीची ओढ कळेलच, अशी ग्वाही इतिहास देत नाही. दक्षिण आफ्रिकेचे पहिले पंतप्रधान लुई बोथा यांचे चरित्र या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. भारतीय वाचकाला ते अगदीच परके नाही. गांधीजी आणि नामदार गोखले या दोघांचाही या शेतकरी-पंतप्रधानाच्या कारभाराशी प्रत्यक्ष संबंध आला होता.

बोथा यांचा जन्म २७ सप्टेंबर १८६२ रोजी नाताळ वसाहतीतील ग्रेटाउनजवळ झाला. घराणे बोअर, म्हणजे केपमधील इंग्रजी अमलाला कंटाळून बैलगाड्यांतून उत्तरेकडे निघून गेलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांचे. पुढे हे कुटुंब ऑरेंज फ्री स्टेटमध्ये व्रेडे गावाजवळ स्थिरावले. तेरा भावंडांच्या त्या घरात शाळेचे शिक्षण मिळाले ते नावापुरतेच. हिवाळ्यात उंच पठारावरचे गवत वाळून गेले की मेंढरांचे कळप हाकीत खालच्या उबदार प्रदेशात, झुलूंच्या सरहद्दीपर्यंत जायचे आणि थंडी ओसरली की परतायचे, हा बोथांच्या तरुणपणाचा क्रम होता. आपल्याकडील मेंढपाळ धनगरांना हे जीवन अनोळखी वाटणार नाही. या भटकंतीत ते झुलू भाषा शिकले, झुलूंचे रीतिरिवाज त्यांनी जवळून पाहिले. आफ्रिकन माणूस त्यांना केवळ सरकारी अहवालांतून ठाऊक होता असे कोणालाही म्हणता येणार नाही, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

बोथांच्या मालकीची पहिली जमीन कशी आली, हेही पाहण्यासारखे आहे. १८७९ च्या युद्धात इंग्रजांनी झुलूंचे राज्य मोडले आणि त्यानंतर झुलू सरदारांत यादवी माजली. राजपुत्र दिनुझुलू याने आपल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बोअरांची मदत मागितली. १८८४ साली बोअर स्वयंसेवकांची एक तुकडी त्याच्या बाजूने लढली. तीत एकवीस वर्षांचे बोथा होते. मदतीचा मोबदला जमिनीच्या रूपाने ठरला होता. लढाई जिंकल्यावर बोअरांनी जेवढ्या प्रदेशावर हक्क सांगितला, तो झुलूंच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा निघाला. त्या प्रदेशात ‘नवे प्रजासत्ताक’ स्थापन झाले, आणि त्याच्या राजधानीला नाव मिळाले फ्रायहाइट, म्हणजे स्वातंत्र्य. शेतांच्या हद्दी आखण्याच्या कामात बोथांचा हात होता आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्यालाही एक शेत आले. १८८८ साली हे छोटे राज्य ट्रान्सवालमध्ये विलीन झाले. बोथा आता चांगले बागायतदार आणि पशुपालक म्हणून नावारूपाला आले, आणि १८९७ साली फ्रायहाइटच्या मतदारांनी त्यांना ट्रान्सवालच्या विधिमंडळात पाठविले.

तेथे ते मवाळ गटात बसत. इंग्रजांशी युद्ध टळावे असेच त्यांचे मत होते. परंतु ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा हा शेतकरी बंदूक घेऊन निघाला. लष्करी विद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या या माणसाने १५ डिसेंबर १८९९ रोजी कोलेन्सो येथे जनरल बुलरच्या सुसज्ज फौजेचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात स्पिऑन कॉपच्या टेकडीवर इंग्रजांना पुन्हा माघार घ्यावी लागली. याच दोन लढायांतील जखमी इंग्रज सैनिकांना डोल्यांतून वाहून नेण्याचे काम करणाऱ्या भारतीय पथकाचे प्रमुख मोहनदास गांधी होते. पथकात सुमारे ११०० माणसे होती. साम्राज्याची सेवा केली तर साम्राज्य आपले हक्क मान्य करील, असा त्या वेळी गांधीजींचा विश्वास होता. टेकडीच्या एका बाजूला बोथा आणि दुसऱ्या बाजूला गांधी, असा हा विलक्षण योग होता. तेरा वर्षांनी दोघांची गाठ पुन्हा पडायची होती, परंतु निराळ्या नात्याने.

मार्च १९०० मध्ये जनरल जूबेर मरण पावले आणि ट्रान्सवालचे सरसेनापतिपद बोथांकडे आले. जून १९०० मध्ये प्रिटोरिया पडले. तरी बोअरांनी गनिमी काव्याने आणखी दोन वर्षे झुंज दिली. त्यावर लॉर्ड किचनेर यांनी उपाय काढला तो शेते जाळण्याचा. सुमारे ३०,००० घरे जळाली, उभी पिके तुडविली गेली, जनावरे मारली गेली आणि बोअर स्त्रिया-मुलांना छावण्यांत कोंडण्यात आले. त्या छावण्यांत रोगराईने सुमारे २८,००० बोअर मेले. त्यांत बहुतेक मुले होती. याच काळात आफ्रिकन शेतकऱ्यांसाठीही वेगळ्या छावण्या होत्या आणि त्यांत निदान १४,००० माणसे मेली. पहिल्या छावण्यांतील मृतांची स्मारके उभी राहिली, त्यांच्यावर एक राष्ट्रवाद पोसला गेला. दुसऱ्या छावण्यांची आठवण इतिहासकारांना कितीतरी दशकांनी झाली. जमीन जाळली गेली ती दोघांचीही. परंतु जळित शेतकरी म्हणून ज्याची नोंद झाली तो गोराच होता.

३१ मे १९०२ रोजी तह झाला. बोअरांची प्रजासत्ताके नष्ट झाली, मात्र शेती पुन्हा उभी करण्यासाठी इंग्लंडने तीस लाख पौंड देऊ केले. या तहातील आठवे कलम साध्या शब्दांत लिहिलेले आहे. आफ्रिकनांना मताधिकार द्यावयाचा की नाही, हा प्रश्न या वसाहतींना स्वराज्य मिळाल्यानंतरच विचारात घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. स्वराज्य मिळाल्यावर निर्णय करणारे मतदार गोरेच असणार हे उघड होते. म्हणजे प्रश्न पुढे ढकलला असे दाखवून त्याचे उत्तर त्याच दिवशी देऊन टाकले गेले. आपल्या हाती पराभव आला असला तरी भविष्य गेलेले नाही, हे बोथांसारख्या चाणाक्ष माणसाच्या ध्यानात आले नसेल असे वाटत नाही.

पुढील पाच वर्षांत त्यांनी जे केले, त्याला राजकीय कौशल्याचा उत्तम नमुनाच म्हटले पाहिजे. १९०५ साली त्यांनी ‘हेट फोल्क’, म्हणजे ‘जनता’, हा पक्ष काढला. १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वराज्य मिळाल्यावर झालेली निवडणूक जिंकून, पाच वर्षांपूर्वीचा शत्रुसेनापती इंग्रजी राजाचा पंतप्रधान झाला. पंतप्रधानपदाबरोबर शेतीखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले, आणि ते शोभेसाठी नव्हे. शेतकऱ्यांना कर्ज देणारी जमीन-बँक त्यांच्या सरकारने सुरू केली. १९१२ साली तिचे देशव्यापी रूप उभे राहिले. १८९६ च्या बुळकांडीने दक्षिण आफ्रिकेतील गुराढोरांचा फडशा पाडला होता. १९०८ साली डॉ. आर्नोल्ड थायलर यांच्या नेतृत्वाखाली ओंडरस्टेपोर्ट येथे पशुवैद्यक संशोधन संस्था निघाली आणि तिने पुढे जगभर नाव मिळविले. कर्ज, जनावरांचा रोग, बाजारपेठ ही शेतकऱ्याची खरी दुखणी कोणती हे ओळखणारा मंत्री कसा असतो, याचे हे उदाहरण आहे. बोथांचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु याच सरकारने पहिल्याच अधिवेशनात, मार्च १९०७ मध्ये, आशियाई लोकांच्या नोंदणीचा कायदा जवळजवळ चर्चेवाचून मंजूर केला. दहाही बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगण्याची सक्ती भारतीयांवर करणारा आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचे निमित्त ठरलेला कायदा तो हाच. ३१ मे १९१० रोजी चार वसाहतींचे मिळून दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले आणि बोथा त्याचे पहिले पंतप्रधान झाले. बोअर आणि इंग्रज यांचे वैर मिटविणारा उदार मुत्सद्दी म्हणून लंडनमध्ये त्यांचा गौरव झाला. हा समेट खरा होता. पण दोन भावांनी वाटणीपत्र लिहावे आणि तिसऱ्याला बोलावूही नये, अशा जातीचा तो होता. संघराज्याच्या संसदेत गोऱ्यांवाचून कोणाला बसता येणार नव्हते. केप प्रांताचा अपवाद सोडला तर आफ्रिकनांना मताचा अधिकार जवळजवळ नव्हताच.

१९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. गिरमिटाची मुदत संपवून नाताळमध्ये राहणाऱ्या भारतीय मजुरावर दरसाल तीन पौंडांचा कर होता. पुरुषांप्रमाणे स्त्रियांना आणि वयात येणाऱ्या मुलामुलींनाही तो द्यावा लागे. मळ्यावर राबणाऱ्या कुटुंबाला हा कर म्हणजे पुन्हा गिरमिटात परतण्याची सक्तीच होती. १४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरियाला बोथा आणि स्मट्स यांची भेट घेऊन गोखले परतले ते कर रद्द होणार अशी समजूत बाळगूनच. पुढच्या वर्षी सरकारने असे वचन दिलेच नव्हते असे सांगितले. १९१३ च्या नोव्हेंबरात दोन हजारांहून अधिक मजूर, शंभरावर स्त्रिया आणि मुले यांना घेऊन गांधीजींनी नाताळची हद्द ओलांडली. ज्या स्टँडर्टनच्या परिसरात बोथांची शेतवाडी होती, त्याच स्टँडर्टनला ८ नोव्हेंबरला गांधीजींना अटक झाली. कर १९१४ मध्ये रद्द झाला, तो दिलेल्या शब्दाला जागून नव्हे, तर मजुरांच्या संपामुळे आणि हिंदुस्थानात उसळलेल्या क्षोभामुळे.

भारतीयांच्या पाठीशी निदान एक मोठा देश होता. आफ्रिकन शेतकऱ्याच्या पाठीशी कोणीच नव्हते. जून १९१३ मध्ये बोथांच्या सरकारने ‘नेटिव्ह्ज लँड अॅक्ट’ अमलात आणला. १९११ च्या जनगणनेनुसार देशात दर तीन माणसांपैकी दोन आफ्रिकन होती. त्यांच्यासाठी या कायद्याने राखून ठेवली ती देशातील सुमारे सात टक्के जमीन. तिच्या बाहेर जमीन विकत घेण्यास किंवा खंडाने करण्यास त्यांना मनाई झाली. गोऱ्यांनाही राखीव प्रदेशात जमीन घेता येणार नाही, अशी समतोलाची भाषा कायद्यात होती. पण सात टक्क्यांना कुंपण घालून उरलेले जवळजवळ सगळे मोकळे ठेवणाऱ्या तराजूला समतोल म्हणत नाहीत.

या कायद्याचा खरा घाव ऑरेंज फ्री स्टेटमधील वाटेकऱ्यांवर बसला. गोऱ्या मालकाची पडीक जमीन स्वतःचे बैल, स्वतःचा नांगर आणि स्वतःचे बियाणे घालून कसायची आणि निम्मे पीक मालकाला द्यायचे, अशी रीत तेथे रूढ होती. अनेक आफ्रिकन कुटुंबे या निम्म्या वाट्यावर सुस्थितीत आली होती. हीच सुस्थिती गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना खुपत होती. शिवाय मळ्यांना आणि खाणींना स्वस्त मजूर हवे होते. आता वाट्याने जमीन लावणे गुन्हा ठरले. वाटेकऱ्यापुढे दोनच मार्ग राहिले : बैल-नांगरासह मालकाच्या चाकरीत जाणे किंवा जनावरे घेऊन वाट धरणे. १९१२ साली स्थापन झालेल्या आफ्रिकनांच्या राष्ट्रीय काँग्रेसचे चिटणीस सॉल प्लाटये यांनी त्या हिवाळ्यात सायकलवरून हिंडून या कुटुंबांची दशा पाहिली आणि १९१६ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे मांडली. वाटेत दगावलेले तान्हे मूल पुरण्यासाठी पाऊलभर हक्काची जागा नसलेल्या आणि रात्रीच्या अंधारात परक्याच्या जमिनीत चोरून खड्डा खणणाऱ्या आईबापांची हकिकत त्यात आहे. ही माणसेही शेतकरीच होती. त्यांनाही पाऊस, गवत आणि बैल यांचेच गणित ठाऊक होते.

येथे दिनुझुलूची पुढील कथा सांगितली पाहिजे. १९०६ च्या झुलू बंडाशी संबंध जोडून नाताळ सरकारने त्याला कैदेत टाकले होते. १९१० मध्ये पंतप्रधान होताच बोथांनी आपल्या या जुन्या मित्राची सुटका केली आणि ट्रान्सवालमधील मिडलबर्ग भागात एका शेतावर त्याच्या राहण्याची सोय लावली. तेथेच ऑक्टोबर १९१३ मध्ये दिनुझुलू मरण पावला. बोथा कृतघ्न नव्हते, निष्ठुरही नव्हते. ओळखीच्या माणसाला त्यांनी शेत दिले आणि त्याच वर्षी अनोळखी लाखोंकडून शेत विकत घेण्याचा हक्क काढून घेतला. वैयक्तिक सौजन्य आणि सार्वजनिक न्याय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नेत्याचा स्वभाव चांगला आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

बोथांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्या काळाच्या मानाने ते मवाळच होते. हर्टझोग यांच्यासारखे कडवे पुढारी त्यांच्याच लोकांत होते. १९१४ च्या महायुद्धात इंग्लंडची बाजू घेतल्याबद्दल जुन्या सहकाऱ्यांचे बंड त्यांना स्वतः मोडावे लागले. १९१९ मध्ये व्हर्सायला पराभूत जर्मनीशी सौम्यपणे वागावे, असा आग्रह त्यांनी धरला. हे सर्व खरे आहे. त्याच वर्षी २७ ऑगस्टला ते वारले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणारे इंग्रजही पुष्कळ होते. तथापि ‘काळाच्या मानाने’ या शब्दांत सगळे बसविता येत नाही. त्याच काळात, १९०९ मध्ये, केपचे माजी पंतप्रधान श्राइनर हे गोरे गृहस्थ आफ्रिकन पुढाऱ्यांबरोबर लंडनला जाऊन नव्या घटनेतील वर्णभेदाविरुद्ध दाद मागत होते. १९१४ मध्ये जॉन डूबे आणि प्लाटये यांचे शिष्टमंडळ जमीन-कायद्याविरुद्ध लंडनला गेले आणि हात हलवीत परत आले. अन्याय दिसत नव्हता असे नाही. तो दाखविणाऱ्यांना मत नव्हते.

मताचे महत्त्व किती, याचा पुरावा त्या कायद्याच्याच इतिहासात आहे. केप प्रांतात मताधिकार मालमत्तेवर अवलंबून होता आणि काही आफ्रिकनांना तो मिळालेला होता. जमीन घेण्यास बंदी केली तर तो मताधिकार धोक्यात येतो, या कारणास्तव १९१७ मध्ये न्यायालयाने हा कायदा केपला लागू होत नाही असा निर्णय दिला. जेथे आफ्रिकन शेतकऱ्याच्या हाती मत होते, तेथे कायदा अडला. जेथे नव्हते, तेथे तो नांगरासारखा फिरला. १९३६ साली राखीव जमिनीची मर्यादा सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली, परंतु तत्त्व तेच राहिले. वर्णभेदाच्या राजवटीने पुढे जी ‘मायभूमी’ म्हणून आफ्रिकनांच्या गळ्यात मारली, ती याच पायावर. हे कायदे रद्द झाले ते १९९१ मध्ये. १९९४ साली लोकशाही आल्यावर हिरावलेल्या जमिनी परत मागण्याचा कायदा झाला आणि त्यात जी तारीख धरली गेली ती १९ जून १९१३. एका शेतकरी-पंतप्रधानाच्या कारकिर्दीतला दिवस एका देशाच्या जमिनीच्या हिशेबाचा आरंभदिन ठरला.

मराठीत ‘शेतकरी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात शंभर एकरांचा मालक बसतो, कूळ बसते, वाटेकरी बसतो. सालगडी आणि शेतमजूर मात्र बहुधा उंबऱ्याबाहेर राहतात. शेतकऱ्याचे राज्य आले असे म्हटले जाते तेव्हा यांपैकी कोणाचे आले, हे विचारणे म्हणजे शेतकऱ्यांत फूट पाडणे नव्हे. कर्ज कोणाला मिळाले, पाणी कोणाच्या शेतात गेले, भाव कोणाच्या मालाला बांधून दिला आणि मजुरीचा दर ठरविताना कोणाला बोलावले होते, एवढे प्रश्न विचारले तरी पुरे. येथे सर्वांना मत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या त्या वाटेकऱ्याजवळ ते नव्हते, हा फरक लहान नाही. पण मतदारयादीत नाव असणे आणि राज्यकर्त्याच्या नजरेत असणे यांतही अंतर असते आणि ते संघटनेवाचून तुटत नाही. लुई बोथा आफ्रिकन शेतकऱ्याची भाषा जाणत होते. त्याच्यासाठी कायदा करताना ती भाषा बोलण्याची गरज मात्र त्यांना पडली नाही, कारण मत मागण्यासाठी त्याच्या दारी त्यांना कधी जावेच लागले नव्हते.